बॉनेटपुढची चार पावलं

ती गाडी मी घेतली. घरात विषय निघाला की नवरा अजूनही "आपण घेतली" म्हणतो. तो त्याचा चांगुलपणा. पण खरं ते खरं, त्याला ती नको होती, सासूबाईंना तिच्यात धड चढता येत नव्हतं, आणि मुलगी तेव्हा कशालाच नको म्हणण्याच्या अवस्थेत नव्हती. हट्ट माझा होता. त्याला कारण होतं, ते आधी सांगते.

आम्ही गिरगावातून भाईंदरला, नवघरला राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. इथे आल्यावर पहिली गाडी घेतली ती छोटी, चौघांना पुरेल अशी. एका रविवारी वसईहून नातेवाइकांकडून परत येत होतो. काशीमिऱ्याच्या अलीकडे हायवेवर सिग्नलला उभे होतो आणि मागून एक भलीमोठी गाडी येऊन आदळली. आवाजच असा झाला की काही क्षण मला वाटलं आपण गेलो. मागे वळून पाहिलं तर मुलगी सीटवर पुढे वाकून बसली होती आणि तिच्या केसांत काचेचे तुकडे होते. ती तेव्हा दहावीत होती. मानेला पट्टा बांधून तिने दोन महिने काढले. परीक्षाही तशीच दिली.

धडक देणारा माणूस सभ्य होता. खाली उतरला, सॉरी म्हणाला, ब्रेक लागायला उशीर झाला म्हणाला. मग त्याने वाकून स्वतःचा बंपर पाहिला. मीही पाहिला. एक ओरखडा होता, बोटाने पुसून टाकता येईल असा. आमची डिकी मागच्या सीटला येऊन टेकली होती. त्या दिवशी रस्त्यात उभं राहून मी जे ठरवलं ते हेच, की यापुढे आपण ओरखडेवाल्यांच्या बाजूला असायचं.

नवऱ्याने परोपरीने समजावलं. "अगं, आपली गल्ली केवढी, गेट केवढं. रोज कुठे जायचंय आपल्याला? आईला फिजिओथेरपीला आणि तुला आठवड्यातून दोनदा ऑफिसला." मी म्हटलं, मुलीची मान मोडली असती म्हणजे मग घेतली असतीस का? यावर कोण काय बोलणार? हे वाक्य मी त्या महिन्यात तीन-चार वेळा वापरलं असेन.

शोरूममधल्या सेल्समनने तर मला जिंकूनच घेतलं. गाडीच्या दारावर थाप मारून म्हणाला, "मॅडम, ये टँक है टँक. सामनेवाले का जो होना है होगा, आपकी फॅमिली को कुछ नहीं होगा." आम्ही हसलो. आता ते वाक्य आठवलं की वाटतं, त्याने काही लपवलं नव्हतं. दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. मी फक्त दुसरी ऐकली.

गाडी दारात आली आणि पहिल्याच दिवशी कळलं की सासूबाईंना ती उंच पडतेय. त्यांचे गुडघे गेलेले. मग डिकीत एक प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल ठेवलं. वॉचमन स्टूल लावायचा, मी त्यांना मागून आधार द्यायची, त्या वरची मूठ धरून स्वतःला ओढून घ्यायच्या. "हत्तीवर बसवतेयस मला," त्या म्हणायच्या. उतरताना जास्त त्रास. पण आठवड्यातून तीनदा मीरा रोडला फिजिओथेरपी होती आणि रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नव्हते, म्हणून चाललं.

खोटं कशाला बोलू, मला ती गाडी चालवायला आवडायची. वर बसलं की रस्ता आपला वाटतो. मेट्रोच्या खांबांखालच्या त्या गर्दीत पूर्वी रिक्षावाले मला कुठूनही दाबायचे. आता बाजूला व्हायचे. स्कूटरवाले थांबायचे. हायवेवर मागे कोण आहे याची धडकी भरायची बंद झाली. मुलगीही मागे शांत झोपायला लागली. सोसायटीतल्या दोन-चार जणांनी कुरकुर केली की तुमच्या गाडीमुळे पार्किंगमधून वळता येत नाही. त्यांचं बरोबर होतं. मी सेक्रेटरींना म्हटलं, बघू, आणि काही बघितलं नाही.

आमच्या गेटच्या डाव्या अंगाला एक मावशी मासे घेऊन बसायची. जवळच्या मोरवा गावची. आठवड्यातले चार-पाच दिवस सकाळी नऊला यायची आणि माल संपला की जायची. साठीच्या पुढची, अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात ऐकू यायचा. सोसायटीत गुजराती, मारवाडी कुटुंबं बरीच, त्यामुळे तिच्या बसण्यावरून अधूनमधून वाद व्हायचे. पण मासे खाणारी आम्ही दहा-बारा घरं तिच्या बाजूने होतो. माझ्यासाठी ती बोंबील बाजूला काढून ठेवायची. आमच्या सासूबाईंशी तिचं विशेष जमायचं. दोघींच्या गुडघेदुखीच्या गप्पा गेटवर चालायच्या आणि मी घड्याळ बघत उभी असायची.

तो शनिवार होता. साडेनऊ-दहाचा सुमार. सासूबाईंना शेजारच्या सीटवर बसवून मी गाडी गेटपर्यंत आणली. बाहेर भाजीचा टेम्पो आडवा उभा होता, म्हणून गेटच्या तोंडाशीच थांबले. मावशी डावीकडे तिच्या जागेवर होती, सासूबाईंनी काच खाली करून तिला हात केला. मी समोर टेम्पोकडे बघत होते. टेम्पोवाला भैया कोणाशी तरी हुज्जत घालत होता. मी हॉर्न वाजवला. शेवटी तो निघाला, जरा जोरातच, आणि त्याच्या वाऱ्याने की धक्क्याने मावशीच्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण उडालं. हे मला नंतर कळलं. मी पाहिलं नव्हतं. ते झाकण उचलायला ती उठली आणि माझ्या गाडीपुढे वाकली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती आत्ता इथे होती. कुठे गेली?"

मी म्हटलं, "बसली असेल खाली."

आणि ब्रेकवरचा पाय काढला.

वेग काहीच नव्हता. माणूस चालतो त्याहून कमी. मला धक्का जाणवला नाही, आवाज आला नाही. वॉचमन दोन्ही हात वर करून गाडीसमोर धावत आला आणि ओरडला, "रोको, रोको, मौसी है!" तेव्हा मी ब्रेक दाबला. आधी मला वाटलं तो टेम्पोबद्दल ओरडतोय.

खाली उतरले तर ती कुशीवर पडली होती. चाक तिच्यापासून वीतभर लांब. एका हातात झाकण तसंच. ती ओरडत नव्हती, तेच जास्त भीतीदायक होतं. एवढंच म्हणाली, "बाय, पाय हालत न्हाय गो माजा."

तिला त्याच गाडीतून हॉस्पिटलात नेता येईना. एवढ्या उंच सीटवर तिला उचलून ठेवायची कशी? वॉचमन आणि समोरचा मेडिकलवाला मिळून तिला धरत होते आणि ती पहिल्यांदा किंचाळली. अँब्युलन्स येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसले. सासूबाई गाडीत वरच राहिल्या होत्या, स्टूलशिवाय त्यांना उतरता येत नव्हतं आणि त्या क्षणी कोणालाच त्यांची आठवण नव्हती. अर्ध्या तासाने नवरा आला, त्याने त्यांना उतरवलं. त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "मी विचारलं होतं तिला."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. त्याचा सगळा खर्च आम्ही केला, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही, ते करायचंच होतं.

हॉस्पिटलात हवालदार जबाब घ्यायला आले. मी घडलं ते सांगितलं. सासूबाईंनी विचारलं होतं तेही सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि माझ्याकडे दमलेल्या नजरेने पाहिलं. त्यांचीही ड्युटी संपत आली असावी.

"मॅडम, ती बाई स्वतः सांगतेय चूक तिची. तुम्ही कशाला वाढवताय? तुम्हाला दिसली नाही, बरोबर?"

"नाही दिसली."

"मग झालं."

खरंच तिने तसं सांगितलं होतं. मी आत गेले तेव्हा तिची मुलगी बाजूला उभी होती, माझ्याकडे न बघता. मावशी तिला म्हणत होती, "मीच वाकली व्हती. ती काय मुद्दाम घालनार हाय अंगावर?" तिची मुलगी पुढेही माझ्याशी कधी नीट बोलली नाही आणि त्याचं मला बरंच वाटतं. सगळ्यांनी समजून घेतलं असतं तर ते सहन झालं नसतं.

कारण सगळे समजूनच घेत होते. सोसायटीतले, ऑफिसातले, माझा भाऊ. "तुझी काय चूक? तुला दिसलंच नाही." ज्यांनी पार्किंगवरून कुरकुर केली होती, तेही आले आणि म्हणाले, वहिनी, मनाला लावून घेऊ नका. नोंद झाली, जबाब झाले, पुढे कोणी काही विचारलं नाही. मी रोज जेवताना, भांडी घासताना, ऑफिसात फाइल उघडताना तेच वाक्य घोळवत होते. मला दिसलं नाही. शब्दशः खरं होतं. पण जिच्यातून दिसत नाही ती गाडी कोणी आणली?

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, खाली चल, मला एक बघायचंय. त्याला वाटलं मी पुन्हा गाडी चालवायचा सराव करणार. त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः बॉनेटसमोर जाऊन वाकले, झाकण उचलायला वाकावं तशी.

"दिसतेय का?"

"नाही."

सासूबाई बाकावर बसून बघत होत्या. काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "तुझी कंबर मोडेल. मला स्टूल द्या. मी बसते, माझी उंची आता तेवढीच उरलीय."

मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. वॉचमनने ते बुटकं स्टूल बंपरला लागून ठेवलं आणि त्या त्यावर बसल्या, हात मांडीवर, फोटो काढायला बसावं तशा. नवऱ्याला त्या दिसत नव्हत्या. स्वतःची आई, दोन हातांवर, भर उजेडात. मग त्या उठायच्या, एक पाऊल मागे जायच्या, वॉचमन स्टूल सरकवायचा, त्या पुन्हा बसायच्या. दिसलं की हॉर्न वाजव, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. दुसऱ्या पावलाला त्याने हॉर्न वाजवला.

मग मी चढले. मी त्याच्यापेक्षा बुटकी. सीट वर करता येते, पण वर केली की माझा पाय ब्रेकवर पुरता टेकत नाही, म्हणून मी ती खालीच ठेवायची. पहिलं पाऊल, नाही. दुसरं, नाही. तिसऱ्या पावलाला मला वाटलं दिसतंय, पण तो वॉचमनचा खांदा होता. चौथ्या पावलाला सासूबाईंचे पांढरे केस बॉनेटच्या कडेवर आले. फक्त केस. मी हॉर्न वाजवायचा विसरले. त्या तिकडून ओरडल्या, "अगं, झोपलीस का?"

म्हणजे चार पावलं. गाडीच्या नाकापासून एवढी जागा माझ्यासाठी नव्हतीच, आणि मी तिच्यावरून रोज गाडी नेत होते. गेटमधून, शाळा सुटायच्या वेळी, भाजीच्या गाड्यांमधून. मागचा कॅमेरा होता, पुढे नव्हता. पुढे तर दिसणारच, असं मी धरून चालले होते.

नवरा म्हणाला, "पुढेही कॅमेरा लावून घेऊ." तो वाईट हेतूने बोलला नाही. त्याला ते सगळं तिथे संपवायचं होतं. मी म्हटलं, विकूया. त्याने मुलीच्या मानेचा विषय काढला नाही. काढू शकला असता.

विकायच्या आधी मी मोरव्याला गेले. तिचं घर चर्चच्या मागच्या बोळात, जिथे माझी ती गाडी शिरलीच नसती. ती ओट्यावर बसली होती, समोर वॉकर. बारीक झाली होती. चहा तिनेच मुलीला करायला सांगितला.

मी म्हटलं, "मावशी, मी गाडी विकतेय."

"का गो? एवढी म्हागाची."

मग मी तिला ती चार पावलं सांगितली. आमच्या सासूबाई स्टूलवर कशा बसल्या ते सांगितलं. तिला हसू आलं, मग थांबलं. वॉकरच्या रबराकडे बघत म्हणाली,

"सगली मना सांगतात, बाई चांगली हाय, दुसरी असती तर पलून गेली असती. हाय, चांगली हाय तू. पन त्यानं माजा पाय चालत न्हाय."

यात राग नव्हता. तिने वस्तुस्थिती सांगितली. मग तिने विचारलं, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत.

गाडी घ्यायला पेणकरपाड्याचा एक तरुण आला. बायको आणि कडेवर वर्षा-सव्वा वर्षाची मुलगी. गाडी त्याला बघताक्षणी आवडली. बायकोने मुलीला मागच्या सीटवर बसवून पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आम्ही बाइकवर फिरतो हिला घेऊन, दीदी. भीती वाटते. एक ट्रक बाजूने गेला ना, तर काळीज हातात येतं."

मला ती भीती माहीत होती. तिला काय सांगणार? तरी सांगितलं. नवरा मागून डोळ्यांनी खुणावत होता, तरी मी सगळं सांगितलं, मावशी, झाकण, चार पावलं. तरुणाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि त्याच्या बायकोला म्हटलं, मुलीला कडेवरून उतरवू नको, तू एकटीच समोर वाक. ती लाजत वाकली. तो म्हणाला, "हां, नाही दिसत." मग खाली उतरून, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "आंटी, मी सांभाळून चालवतो. टेन्शन नका घेऊ."

"मीही सांभाळूनच चालवत होते," मी म्हटलं.

तो मान हलवत राहिला, मोठ्या माणसांचं ऐकताना हलवतात तशी. पुढच्या रविवारी येऊन गाडी घेऊन गेला. त्याने पुढचा कॅमेरा लावून घेतला असं नंतर फोनवर कळवलं, ते त्याला कळवावंसं वाटलं हेच खूप. पण गाडी गेली त्या दिवशी मला जे हलकं वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. नवघरच्या गल्लीतून उचलून मी ती पेणकरपाड्याच्या गल्लीत ठेवली, एवढंच झालं होतं. भंगारात देणं आम्हाला परवडलं नसतं, आणि दिली असती तरी शोरूममध्ये दुसऱ्या दिवशी दुसरी उभी असते.

त्यानंतर आम्ही पुन्हा छोटी गाडी घेतली, जुनीच. सासूबाई तिच्यात आपल्या आपण बसतात. हायवेवर मी डाव्या बाजूने जाते. मागून उंच दिवे आले की हात घट्ट होतात, मुलगी मागे वळून वळून बघते. ती आता कॉलेजला आहे, गाडी शिकतेय. परवा म्हणाली, "आई, तू मावशीचा विचार करतेस तेव्हा माझा कोण करणार?" भांडणाच्या सुरात नाही, सहज. मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण ते उत्तर नव्हतं. तिने मानेला पट्टा बांधून परीक्षा दिलीय, तिला विचारायचा हक्क आहे. दोन्ही भीती खऱ्या आहेत. मी त्यातली एक निवडली आणि दुसरी तिच्या वाट्याला गेली.

मावशी आता काठी घेऊन घरातल्या घरात चालते. डोक्यावर पाटी घेणं संपलं. तिच्या मुलीने काही दिवस आमच्या गेटवर बसून पाहिलं, पण तिला ओरडून माल विकणं जमत नाही, तिने सोडून दिलं. त्या जागेवर सोसायटीने आता झाडाच्या कुंड्या ठेवल्यात. महिन्या-दोन महिन्यांतून मी मोरव्याला जाते, कधी सासूबाईही येतात. दोघी ओट्यावर बसतात आणि कोणत्या तेलाने जास्त आराम पडतो यावर त्यांचं कधीच एकमत होत नाही. मागच्या खेपेला निघताना मावशीने मला सुक्या बोंबलांची पिशवी दिली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "घे गो, वाद नको घालू, मना उभं ऱ्हवत न्हाय जास्त." मी घेतली आणि ती आत जाऊन टेकेपर्यंत ओट्याच्या कडेला थांबले.